पिकअपचे शॉकअप बदलताना: आधी काटा, मग टेप, मग दुकान

काटोलकडून नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे कॅरेट आणायला मी पहिली पिकअप घेतली ती जुनी, दुसऱ्याच्या हातची. माल भरला की मागून खाली बसायची. इतकी, की रात्री हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. मी एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "मागचे शॉकअप गेले, कडक द्या." दुकानदारानं फळीवरून दोन नग काढले. "बसतात ह्याला," म्हणाला. बसलेही. बोल्ट आत गेला, नट आवळला गेला, पैसे दिले.

तिसऱ्या आठवड्यात रिकामी गाडी घेऊन परत निघालो होतो. एका गतिरोधकावर मागून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. उतरून खाली वाकून पाहिलं तर डाव्या शॉकअपचा खालचा डोळा (बोल्ट जातो ती कडी) वेल्डिंगपासून उखडला होता आणि वरचा भाग नुसता लोंबकळत होता. शॉकअप लांबीला आखूड होता. गाडी उसळली की चाक खाली लोंबतं. पाटे (गाडी तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अजून खाली जायला मोकळे होते, पण शॉकअपची लांबी तिथंच संपली होती. प्रत्येक उसळीला सगळा झटका त्या एका वेल्डिंगवर येत होता. आणि ज्या कारणासाठी ते घेतले, ते तर तसंच राहिलं होतं. माल भरला की गाडी मागून बसतच होती.

मिस्त्रीनं पाहिलं आणि एका वाक्यात सांगितलं, "भाऊ, गाडी बसते ते पाट्याचं काम हाये, शॉकअपचं नाही."

हा लेख त्या वाक्यापासून सुरू होतो. तुम्ही नुकतीच पिकअप घेतली असेल, नवी किंवा जुनी, आणि शॉकअप बदलायची वेळ आली असेल, तर दुकानात जाण्याआधी करायच्या गोष्टी यात आहेत. दुकानातलं काम शेवटी येतं आणि ते सगळ्यात सोपं आहे.

शॉकअप वजन उचलत नाही

गाडीचं आणि मालाचं वजन उचलतात ते पाटे, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार. स्प्रिंगचा स्वभाव असा, की दाबली की परत उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि कुणी थांबवलं नाही तर हे बराच वेळ चालतं. शॉकअपचं काम ते थांबवायचं. नळीत तेल असतं, तेलात पिस्टन असतो, पिस्टनला बारीक वाटा आणि झडपा असतात. चाक वर-खाली झालं की पिस्टन तेलातून फिरतो, तेल त्या बारीक वाटांमधून जबरदस्तीनं जातं आणि हालचालीचा जोर उष्णतेत बदलतो. पिस्टन जितका जोरात फिरेल तितका विरोध जास्त. हळू दाबलंत तर शॉकअप मुकाट्यानं दबतो. म्हणून गाडी उभी असताना तो तिला वर धरून ठेवू शकत नाही. गॅसच्या शॉकअपमध्ये दांडा आपोआप बाहेर येतो, पण तो रेटा इतका थोडा असतो की दोन क्विंटल मालापुढे त्याचा हिशेब धरू नये.

दबताना आणि परत उसळताना विरोध सारखा नसतो. बहुतेक शॉकअपमध्ये उसळताना जास्त असतो, कारण दबलेल्या पाट्यात साठलेला जोर तेव्हा सुटतो आणि तोच आवरायचा असतो. पिकअपमध्ये ही गोष्ट फार महत्त्वाची. मागचे पाटे भरल्या हौद्यासाठी बनवलेले, म्हणून कडक. हौदा रिकामा झाला की त्या कडक पाट्यांवर वजनच उरत नाही आणि मागचं चाक रस्त्यावरून टणटण उडतं. कंपनीनं बसवलेला शॉकअप हा भरल्या आणि रिकाम्या गाडीमधला मधला मार्ग असतो. तुमची गाडी या दोन्हींपैकी कशी जास्त चालते, त्यावर तुमची निवड ठरते.

पहिलं काम: दोष शॉकअपचाच आहे का

सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि आकडे लिहा. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, किंवा मागचा भाग रिकामा असूनही बसलेला दिसत असेल, तर पाट्याकडे जा. एखादा पाटा मोडला असेल, सेंटर बोल्ट तुटला असेल, पाट्याची कमान सरळ झाली असेल. पाटे बसले असतील तर ते कमान भरून घ्या किंवा बदला. त्याआधी शॉकअपवर एक रुपया घालू नका.

मग खाली वाका. शॉकअपच्या नळीवर तेलाची पुसट झाक आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर तेवढ्यानं तो गेला असं नाही. दांड्यावरून थोडं तेल सीलला लागतंच. पण ओघळ दिसत असेल, नळी खालपर्यंत ओली असेल, तर सील गेलं. नळीला पोचा आहे का, दांड्यावर गंज किंवा ओरखडे आहेत का, डोळ्यातला रबरी बुश फाटून एका बाजूला सरकला आहे का, हेही बघा. मागून येणारी टक-टक पुष्कळदा शॉकअपची नसतेच. शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा) बुश, ढिला यू-बोल्ट किंवा शॉकअपचाच शंभर-दोनशे रुपयांचा बुश तो आवाज करत असतो.

टायरवरून हात फिरवा. एका चाकाच्या रबरात ठरावीक अंतरावर खड्डे-उंचवटे हाताला लागत असतील, तर ते चाक रस्त्यावर आपटत चाललं आहे, आणि ही शॉकअप गेल्याची चांगली खूण आहे. एका कडेनंच टायर खाल्ला असेल तर अलाइनमेंट बघा.

कारमध्ये बॉनेट दाबून सोडतात आणि गाडी किती वेळा हलते ते मोजतात. पिकअपच्या मागच्या बाजूला ही परीक्षा फारशी चालत नाही. पाटे इतके कडक असतात की दोन माणसं लटकली तरी रिकामा हौदा हलत नाही. त्याऐवजी मी दुसरं करतो. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायची, थांबायचं आणि चारही शॉकअपच्या नळीला हात लावायचा. सायलेन्सरपासून जपून, आणि आधी नळीजवळ हात नेऊन धग बघायची. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. तिघं गरम आणि एक गार असेल, तर तो गार नुसता टांगलेला आहे.

किती किलोमीटरला बदलावा, असं नवे लोक विचारतात. ८०,००० किलोमीटरच्या आसपासचा आकडा सर्रास सांगितला जातो. चांगल्या रस्त्यावर हलक्या मालानं चालणाऱ्या गाडीला तो ठीक. उमरेडकडच्या खाणींच्या रस्त्यावर गिट्टी वाहणाऱ्या गाडीनं तो आकडा गाठायची वाट बघू नये. तिचे शॉकअप दर २०,००० किलोमीटरला खाली वाकून बघावेत.

दुसरं काम: काट्यावर जा

गाडी भरून वजनकाट्यावर न्या. रोज जसा माल भरता तसाच भरा, काट्यासाठी कमी करू नका. पूर्ण गाडीचं वजन झाल्यावर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन करा. मागच्या धुरीवर (ॲक्सलवर) किती येतं ते कळतं. मग रिकामी गाडी अशीच दोनदा मोजा. काट्याच्या चार चिठ्ठ्या होतील, त्या जपून ठेवा.

आता आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. तुमची भरलेली गाडी त्या दुसऱ्या आकड्याच्या वर जात असेल, तर कुठलाही शॉकअप तुम्हाला वाचवणार नाही. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. दंड एक वेळ भरता येईल, पण ब्रेक, हब आणि धुरी त्या वजनासाठी बनलेलेच नसतात. जादा पाटा टाकून गाडी वर उचलली की ती भरलेली दिसत नाही, एवढंच होतं.

परवानगीच्या आत असाल तर चिठ्ठ्यांकडे बघून स्वतःला विचारा, महिन्यात किती फेऱ्या भरलेल्या आणि किती रिकाम्या? संत्र्याच्या गाडीचं उदाहरण घ्या. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल. हंगामात गाडी एका बाजूनं भरलेली आणि एका बाजूनं रिकामी. हंगाम नसला की लग्नाचे मंडप, फर्निचर, नाहीतर नुसती उभी. अशा गाडीला कंपनीच्या मूळ मापाचा, चांगल्या मेकचा शॉकअप सगळ्यात बरा. रोज हौद्यात वेल्डिंगचं मशीन, जनरेटर आणि हत्यारं कायमची ठेवून हिंगणा एमआयडीसी ते बुटीबोरी फिरणारी गाडी मात्र कधीच रिकामी नसते. तिला हेवी ड्युटी झडपांचा शॉकअप शोभतो. आणि जी पिकअप मुख्यतः घरच्यांना घेऊन गावी जायला वापरली जाते, तिला हेवी ड्युटी लावलात तर मागच्या सीटवरची आजी पहिल्याच फेरीत तक्रार करेल. तिचं खरंच असेल. गरजेपेक्षा कडक शॉकअप चाकाला रस्त्याच्या खाचखळग्याबरोबर खाली उतरू देत नाही. गाडी उडते आणि ब्रेकची पकडही कमी होते.

तिसरं काम: कुठल्या जातीचा

बाजारात तीन जाती भेटतात.

साधा तेलाचा शॉकअप सगळ्यात स्वस्त. दोन नळ्या एकात एक, आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर हवा. खराब रस्त्यावर सतत चालला की तेल आणि हवा घुसळून फेस होतो. फेसातून पिस्टन फिरला की विरोध उरत नाही. तासाभरानं गाडी डुलायला लागते, थांबून चहा प्यायलात की पुन्हा ठीक. पुष्कळांना वाटतं गाडीला चहा मानवला. खरं तर तेल थंड झालेलं असतं आणि फेस बसलेला असतो.

दोन नळ्यांचाच, पण हवेऐवजी नायट्रोजन भरलेला शॉकअप म्हणजे लोक ज्याला 'गॅसचा' म्हणतात तो. गॅस दाबाखाली असल्यामुळे फेस सहज होत नाही. आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की डांबर मऊ होतं, पारा ४५ च्या वर जातो आणि शॉकअपच्या तेलाला बाहेरूनही थंडावा मिळत नाही. तेल जितकं तापेल तितकं पातळ होतं. म्हणून नागपुरात पोटासाठी पिकअप चालवणाऱ्या माणसाला मी हाच सांगतो, साध्यापेक्षा थोडे जास्त पैसे पडले तरी.

तिसरा एकाच नळीचा, मोनोट्यूब. यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे ते मिसळतच नाहीत, आणि गॅसचा दाबही दोन नळ्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. नळी सरळ वाऱ्याला लागते, म्हणून उष्णता लवकर जाते. हा कामाला उत्तम, पण दोन अडचणी आहेत. एक किंमत. दुसरी अशी, की ज्या नळीत पिस्टन फिरतो तीच बाहेरची नळी. गिट्टीचा दगड लागून पोचा आला तर पिस्टन तिथंच अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून लहानसा पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. लांबच्या पल्ल्यावर, समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन्‌तास एका वेगानं चालायचं असेल तर मोनोट्यूब घ्या. खाणीच्या कच्च्या वाटेसाठी घेणार असाल तर नळीपुढे दगड अडवणारी पत्र्याचा आडोसा असलेलाच घ्या.

बाहेर वेगळी डबी लटकवलेले, कडकपणा बदलायची चकती असलेले शॉकअपही मिळतात. डोंगर-वाळूत हौसेनं गाडी घालणाऱ्यांसाठी ते खरे उपयोगी आहेत. कळमन्याच्या गेटसमोर रांगेत उभ्या गाडीला त्यांची गरज नाही.

आपल्या रस्त्यांबद्दल थोडं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे तिच्यावरच्या डांबरी रस्त्यावर खड्ड्यांपेक्षा लांबलचक लाटा जास्त येतात. शहरातले सिमेंटचे रस्ते सरळ असतात, पण दर काही मीटरवर सांधा. लाटेवर शॉकअप संथ हलतो, सांध्यावर झटक्यात. चांगल्या शॉकअपच्या झडपा दोन्हींना वेगवेगळं उत्तर देतात, स्वस्तातल्या दोन्हींना एकच. नुसता कडक शॉकअप लाटेवर छान वाटतो आणि सिमेंटच्या सांध्यावर मणके मोजतो.

चौथं काम: टेप लावा

गाडी मूळ अवस्थेत असेल, पाटे कंपनीचे असतील, तर फार मोजमाप नको. चासी नंबर आणि मॉडेलचं वर्ष सांगा, पार्ट नंबर मिळतो, तोच घ्या. एकाच नावाच्या पिकअपमध्येही वर्षानुसार आणि वजनक्षमतेनुसार शॉकअप बदलतो, म्हणून "अमुक पिकअपचा द्या" एवढ्यावर थांबू नका.

पण जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं काय काय बदललं हे कुणाला ठाऊक? जुना शॉकअप दुकानात दाखवून "असाच द्या" म्हणालात, तर त्याचीच चूक तुम्ही विकत घेता. मीही पहिल्या वेळी न मोजताच घेतले होते. दुसऱ्या वेळी मी अंगणात गाडी लावून स्वतः मोजलं. तीन मापं लागतात आणि ती मी माझ्या गाडीच्या आकड्यांनीच सांगतो. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

पहिलं माप: गाडी रिकामी, चाकांवर उभी. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप. माझं आलं ४८० मिलिमीटर.

दुसरं माप: धुरीच्या वर चासीला रबरी ठोकळा असतो, बंप रबर. चाक पूर्ण वर आलं की धुरी त्याला टेकते. रिकाम्या गाडीत त्या दोघांमधलं अंतर ११० मिलिमीटर. म्हणजे धुरी टेकेल तेव्हा बोल्टांमधलं अंतर ४८० वजा ११०, साधारण ३७० राहील. रबर स्वतः दबतं, त्याचे २५ आणखी काढा. ३४५. शॉकअप पूर्ण मिटल्यावर त्याची लांबी याहून कमीच हवी. जास्त असेल तर खड्ड्यात धुरी रबराला टेकण्याआधी शॉकअपच आत आपटेल, आणि झटका दांड्याला नाहीतर चासीच्या ब्रॅकेटला बसेल. शॉकअप तिरपा बसत असेल तर तो धुरीपेक्षा थोडा कमीच हलतो, त्यामुळे हा हिशेब सुरक्षित बाजूला राहतो.

तिसरं माप, जे मी पहिल्या वेळी घेतलं नव्हतं: शॉकअपची खालची बाजू सोडा, पुढच्या चाकांना अडण लावा, चासी जॅकनं उचलून भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि मागची धुरी पाट्यावर पूर्ण लोंबू द्या. आता पुन्हा बोल्ट ते बोल्ट. माझं आलं ५६०. शॉकअप पूर्ण उघडल्यावर याहून किमान १५ ते २० मिलिमीटर लांब हवा. चाकाला खाली जाताना पाट्यानं थांबवावं, शॉकअपनं नाही. माझा तुटलेला शॉकअप पूर्ण उघडून ५३५ भरत होता.

गाडी लोंबती आहे तोवर ब्रेकचा होज ताणला जात नाही ना आणि चाकाची सेन्सर वायर असेल तर ती मोकळी आहे ना, हेही बघून घ्या. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय डोकं घालू नका. घाई असली तरी नाही, दोनच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

मापांबरोबर टोकाची बांधणी लिहून घ्या. दोन्हीकडे डोळा आहे की एका टोकाला आटे पाडलेली पिन आहे. डोळ्यातल्या लोखंडी नळीचा आतला व्यास किती, रुंदी किती. बोल्ट १२ चा आणि नळी १४ ची असेल तर आज बसेल, पण महिनाभरात दोन्ही खाईल. पुढच्या बाजूचं गाडीगणिक वेगळं असतं. काही पिकअपना पुढेही पाटे असतात, सुपर कॅरीला पुढे स्ट्रट (शॉकअप आणि कॉइल एकत्र जोडलेले) आहे, डी-मॅक्स आणि हायलक्सला विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि कॉइल. स्ट्रट किंवा कॉइलवरचा शॉकअप सोडताना दाबलेली स्प्रिंग सुटते आणि माणूस जखमी करते. ते काम घरी करू नका, स्प्रिंग दाबायचं यंत्र असलेल्या मिस्त्रीकडेच द्या.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. गाडी उंच दिसावी म्हणून मोठे शॅकल आणि लांब शॉकअप टाकण्याची हौस असते. कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि व्यवसायाच्या गाडीला फिटनेसला जावंच लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. तिथं ही उंची आडवी येते.

पाचवं काम: दुकानात

मापं लिहिलेला कागद काउंटरवर ठेवा. दुकानदाराची बोलण्याची रीतच बदलते. गाडीच्या कंपनीचा अस्सल पार्ट, नाहीतर गॅब्रिएल, मोनरो, केवायबी अशा जुन्या मेकचा घ्या. खोक्यावरचा आणि नळीवरचा पार्ट नंबर एकच आहे ना ते बघा. पक्कं बिल घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा वाद झाला तर तोच कामी येतो.

जोडीनंच घ्या. एकाच धुरीवर एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर दोन बाजू वेगळ्या वागतात. पुढचे चांगले असतील तर चारही बदलायची सक्ती नाही.

मग तिथंच हातात घेऊन बघा, यात लाजू नका. शॉकअप बसतो तसाच उभा धरा, खालचा डोळा जमिनीवर टेकवा, दांडा वर. पूर्ण दाबा, पूर्ण ओढा, चार-पाच वेळा. पहिल्या एक-दोन वेळेला मध्येच मोकळं लागेल, कारण आडव्या पडून राहिलेल्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये हवा आतल्या नळीत शिरते. चौथ्या-पाचव्या वेळेला विरोध सलग लागला पाहिजे. तरीही एखाद्या जागी हात एकदम मोकळा जात असेल, किंवा आतून कुरकुर येत असेल, तर तो नग परत द्या. गॅसचा असेल तर सोडल्यावर दांडा हळूहळू स्वतः वर येईल. जोडीतले दोन्ही सारख्याच वेगानं वर येतात का ते बघा. मोनोट्यूब हातानं दाबायला बराच जड जातो, तो जमला नाही म्हणून बिघडलेला समजू नका.

रीकंडिशन केलेले शॉकअप स्वस्तात मिळतात. नळीला भोक पाडून तेल भरतात, भोक वेल्डिंगनं बुजवतात, वरून काळा रंग मारतात. नळीवर नख फिरवा, वेल्डिंगचा थेंब हाताला लागतो; दांड्याच्या कडेला रंगाचे शिंतोडे असतात. अस्सल नव्या दांड्यावर क्रोमची चकाकी असते आणि रंग कुठेही नसतो. पैसे नसतील तर महिनाभर जुन्यावर सावकाश चालवा, पण हे घेऊ नका. भरल्या गाडीनं उतारावर ब्रेक मारायची वेळ रोज येते.

सहावं काम: बसवताना शेजारी उभे राहा

आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. नट निघाला नाही तर ग्राइंडरनं किंवा छिन्नीनं कापू द्या. शॉकअपच्या नळीजवळ गॅसची ज्योत लावू देऊ नका. आत दाबलेला गॅस आणि तेल आहे, ते फुटतं. त्याच कारणानं जुने शॉकअप जाळात टाकू नका, आणि भंगारात देताना गॅसचे आहेत हे सांगा.

नवा शॉकअप बसवण्याआधी दुकानात केलं तसं उभा धरून पुन्हा चार-पाच वेळा वर-खाली करा आणि मग आडवा न ठेवता थेट लावा. दोन नळ्यांचा शॉकअप उलटा लावायचा नसतो.

दांडा फिरतो म्हणून मिस्त्री पक्कड लावून धरतात. तिथंच त्यांचा हात धरा. पक्कडीचा एक ओरखडा क्रोमवर पडला की तो प्रत्येक फेरीला सील कापत राहतो आणि दोन महिन्यांत तेल गळतं. पिनच्या टोकाला धरायला चपटी जागा किंवा खाच दिलेली असते, ती त्यासाठीच.

रबरी बुशला ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. सरकायला हवं असेल तर साबणाचं पाणी.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. गाडी घोड्यांवर, धुरी लोंबलेली, आणि त्याच वेळी नट घट्ट केला, तर डोळ्यातलं रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं. नट हातानं लावा, गाडी खाली घ्या, दोनदा पुढे-मागे ढकला, मग आवळा. किती जोरानं, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं. टॉर्क पाना असलेला मिस्त्री मिळाला तर त्याच्याकडेच जा. त्याच वेळी पाट्याचे यू-बोल्टही आवळून घ्या. मागे सरळ धुरी आणि पाटे असतील तर शॉकअप बदलल्यानं अलाइनमेंट बिघडत नाही. पुढचा स्ट्रट काढला असेल तर अलाइनमेंट करावंच लागतं.

त्यानंतर

टायरची हवा बरोबर करून रिकामी गाडी बाहेर काढा. आउटर रिंग रोडवर एखाद्या सिमेंटच्या सांध्यावरून, मग एखाद्या गतिरोधकावरून. मागचा भाग एकदा उठावा, एकदा बसावा आणि तिथंच थांबावा. दुसऱ्यांदा उसळत असेल तर शॉकअप मऊ आहे. उठलाच नाही आणि नुसता धक्का कमरेत आला तर गरजेपेक्षा कडक. मग नेहमीचा माल भरून त्याच रस्त्यावरून पुन्हा जा, कारण खरी परीक्षा तीच. माल भरल्यावर गतिरोधकावर खालून लोखंडी ठोका ऐकू आला तर थांबा आणि दुसऱ्या मापाचा हिशेब पुन्हा तपासा.

पहिले पाचशे किलोमीटर झाले की चारही नट पाना लावून बघा, रबर बसलं की ते थोडे ढिले होतात. नळीवर ओघळ आहे का बघा. मी चासीवर, शॉकअपच्या वरच्या ब्रॅकेटशेजारी, पांढऱ्या रंगानं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी खाली वाकलं की ते आधी दिसतं, आणि गाडी विकली तर घेणाऱ्यालाही.